पक्ष्यांचे दाणे घरात साठवताना: आधी कोरडे, मग बंद

दाणे आणले की हवाबंद डब्यात भरून ठेवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच आहे. सादळलेले दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तर त्यांच्यातलं पाणी आतच कोंडतं आणि बुरशीला हवं तसं घर मिळतं. त्यापेक्षा ते कापडी पिशवीत बरे राहिले असते. म्हणून आधी दाणे कोरडे आहेत का ते पाहायचं, नसतील तर वाळवायचे, आणि मगच झाकण लावायचं. ही बाब बजी, कॉकटील, लव्हबर्ड, फिंच अशा सगळ्याच दाणे खाणाऱ्या पाळीव पक्ष्यांना लागू आहे. (आपला देशी पोपट या यादीत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो घरी पाळताच येत नाही.)

पण डब्याच्याही आधी प्रश्न येतो तो किती दाणे आणायचे याचा. बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम असतं आणि तो दिवसाला साधारण ६ ते ८ ग्रॅम दाणे खातो. सांडलवंड धरली तरी एका जोडीला महिन्याला अर्धा किलो पुष्कळ होतो. कॉकटील ८० ते १०० ग्रॅमचा. त्याला रोजचे १२ ते १५ ग्रॅम. पालेभाजी, गाजर, कोथिंबीर नियमित देत असाल (द्यायलाच हवी, कारण नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच) तर दाणे आणखी कमी लागतात. आता पाच किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून आणली तर एका बजीच्या जोडीला ती दहा महिने पुरेल. म्हणजे मधला अख्खा पावसाळा तिने घरात काढायचा. साठवणुकीच्या निम्म्या तक्रारी खरं तर अशा खरेदीच्या असतात. एरवी चार ते सहा आठवड्यांचे, आणि जून ते सप्टेंबर तीन आठवड्यांचे दाणे आणावेत.

दाण्यातलं पाणी

हाताला कोरडा लागणारा दाणाही पूर्ण कोरडा नसतो. राळा, बाजरी, वरी यांत सहसा १० ते १४ टक्के पाणी असतं, आणि हा आकडा स्थिर नसतो. भोवतालची हवा दमट असेल तर दाणा हवेतलं पाणी ओढून घेतो, कोरडी असेल तर सोडून देतो. काही दिवसांत दोघांचा समतोल साधला जातो. हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर राळा-बाजरीसारखं पिठूळ धान्य (ज्यात तेल कमी, पीठ जास्त) सुमारे १३ टक्क्यांवर थांबतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता दिवसचे दिवस ८५च्या वर असते. तेव्हा सैल झाकणाच्या डब्यातला राळा हळूहळू १६ टक्क्यांच्या पुढे जातो. साठवणीतल्या बुरश्या वाढू लागतात त्या ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या वर. म्हणून पिठूळ दाणे १२ टक्क्यांच्या आत राहावेत एवढं धोरण ठेवलं की पुरतं.

तेलबियांचं गणित वेगळं आहे आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. तेलात पाणी मुरत नाही. त्यामुळे सूर्यफूल, करडई, कारळे, जवस यांतलं सगळं पाणी तेल सोडून उरलेल्या भागात असतं आणि तिथे ते दाट होतं. १० टक्के पाणी असलेली बाजरी चांगली कोरडी म्हणायची. पण तेवढंच पाणी असलेलं सूर्यफूल बुरशीच्या उंबरठ्यावर असतं. तेलबिया ७ ते ८ टक्क्यांवर हव्यात. म्हणूनच मिश्रण एकत्र साठवण्यापेक्षा पिठूळ दाणे आणि तेलबिया वेगळ्या ठेवाव्यात आणि आठवड्यापुरतं मिश्रण करून वापरावं.

घरात आर्द्रता मोजायचं यंत्र नसतं, पण दात आणि मीठ असतं. बाजरीचा दाणा पुढच्या दातांत धरून चावा. कट् असा आवाज होऊन त्याचे तुकडे झाले तर ठीक. चपटा झाला, चामट लागला, तर सादळलेला आहे. मिठाची परीक्षा अशी: काचेची कोरडी बाटली एक तृतीयांश दाण्यांनी भरा, त्यात चमचाभर मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. मीठ काचेला चिकटून राहिलं तर दाण्यांत १५ टक्क्यांहून जास्त पाणी आहे. सगळं मीठ तळाशी बसलं तर त्याहून कमी. पावसाळ्यात मीठच ओलसर असतं; ते आधी तव्यावर कोरडं करून गार करून घ्यायला हवं, नाही तर परीक्षा मिठाचीच होते. ही परीक्षा फक्त वाईट माल पकडते. मीठ चिकटलं नाही म्हणजे दाणे १२ टक्क्यांवर आले असा अर्थ होत नाही. परीक्षेचे दाणे खारट झालेले असतात, ते पक्ष्यांना घालू नयेत.

वाळवण

उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळतात त्याच गच्चीवर, त्याच पद्धतीने. स्टीलच्या परातीत किंवा स्वच्छ सुती कापडावर दाण्यांचा बोटाच्या एका पेराहून कमी, दीड-दोन सेंटिमीटरचा थर पसरा. सकाळी अकरा ते दुपारी तीन, दर तासाला हात फिरवून खालचे वर, असे दोन दिवस. देशावरच्या कोरड्या उन्हात एवढं भरपूर होतं. वरून मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा, कारण कबुतरं आणि चिमण्या येणारच, आणि त्यांची विष्ठा दाण्यांत पडली की बाहेरचे रोग पिंजऱ्यात पोहोचतात. तेलबिया कडक उन्हात ठेवू नयेत. त्या सावलीत, वाऱ्यावर वाळवाव्यात. ऊन तेलाला खवटपणाकडे ढकलतं.

संध्याकाळी दाणे घरात आणल्यावर लगेच डब्यात भरायचे नाहीत. गरम दाणे बंद केले की ते निवताना डब्याच्या झाकणाला आतून घाम फुटतो आणि ते पाणी वरच्याच थरावर ठिबकतं. दोन-तीन तास पंख्याखाली निवू द्या. मात्र रात्रभर उघडे ठेवले तर दिवसा गेलेलं पाणी ते परत ओढतील.

पावसाळ्यात ऊन नाही, तेव्हा एसीची खोली कामाला येते. तिथे आर्द्रता साधारण ५० ते ५५ टक्क्यांवर येते. पातळ थर पसरून एक-दोन दिवस अधूनमधून हलवत ठेवला तर फरक पडतो. तव्यावर भाजणं मात्र टाळा. भाजलेला दाणा मरतो, त्याच्यातलं तेल लवकर खवट होतं, आणि काही दाणे करपतात तर काही तसेच राहतात. तवा नॉनस्टिक असेल तर आणखी मोठा धोका: जास्त तापलेल्या नॉनस्टिकमधून निघणारी वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकते.

आता ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल. औषधांच्या बाटलीतल्या किंवा बुटांच्या खोक्यातल्या पुड्या दाण्यांत टाकल्या की काम झालं असं मानलं जातं. हिशेब करून पाहा. १ किलो दाण्यांत १४ टक्के पाणी असेल तर त्यांना १२ टक्क्यांवर आणायला जवळजवळ २३ ग्रॅम पाणी काढावं लागतं. १० ग्रॅमची पुडी फार तर ३ ग्रॅम पाणी शोषते. ओले दाणे ती वाळवू शकत नाही. उलट बाजूने पाहिलं तर ३० अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे ५ लिटरच्या डब्यातल्या संपूर्ण दमट हवेत जेमतेम दीडशे मिलिग्रॅम. झाकण उघडताना आत शिरणारं एवढं पाणी ती पुडी आरामात पिते. थोडक्यात, दाणे कोरडे असतील तर पुडी ते तसेच ठेवायला मदत करते. रंग बदलणारे नारिंगी मणी घ्यावेत. निळ्या मण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते खाद्याजवळ नको. मणी पातळ मलमलीच्या दुहेरी पुरचुंडीत बांधून झाकणाला आतून चिकटवावेत, म्हणजे दाण्यांबरोबर वाटीत जाणार नाहीत.

डबा आणि त्याची जागा

बजीच्या एका जोडीचा महिन्याचा राळा सुमारे ७०० मिलिलिटरमध्ये बसतो. एक लिटरच्या बरणीत साधारण ७०० ग्रॅम राळा मावतो. सालासकट सूर्यफूल फुगीर असल्याने तेवढ्याच बरणीत जेमतेम ४०० ग्रॅम. म्हणजे मोठी कोठी लागतच नाही. लहान बरण्या दोन-तीन असाव्यात आणि एका वेळी एकच उघडावी. काचेची बरणी, रबरी कडीचा क्लिपचा डबा किंवा जाड प्लॅस्टिकचा फिरकीच्या झाकणाचा डबा चालतो. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा मजबूत असतो, उंदराला दाद देत नाही, पण त्याचं झाकण नुसतं बसतं, बंद होत नाही. डबा खरंच बंद होतो का हे पाहायला त्यात वाटीभर पाणी घालून झाकण लावा आणि उलटा करा. पाणी ठिबकलं तर हवाही येते. असाच डबा वापरायचा असेल तर दाणे आधी जाड झिपच्या पिशवीत घालून मग आत ठेवावेत. दुकानातून येते ती पातळ पिशवी ही वाहतुकीची सोय आहे. तिच्यातून ओल जाते आणि अळी तिला सहज भोक पाडते.

डबा फ्रिजच्या माथ्यावर ठेवू नये, तिथे कायम ऊब असते. सिंकखालच्या कपाटात ओल असते, बाल्कनीत दोन्ही. आतल्या भिंतीच्या कपाटातला मधला कप्पा उत्तम. पिंजऱ्याच्या वाटीत उरलेले दाणे परत डब्यात टाकायचे नाहीत. त्यांत थेंबभर पाणी, विष्ठा, लाळ असतेच. (वाटी भरलेली दिसते म्हणून फसूही नका: वर नुसती फोलपटं असतात. रोज सकाळी फुंकर मारून फोलपटं उडवा आणि मग उरलेलं पाहा.) दाणे काढायचा चमचा कोरडा, त्याच कामाचा, आणि डब्याबाहेर ठेवलेला.

कीड

पिशवी आणली तेव्हा स्वच्छ होती, पाचव्या आठवड्यात अचानक डब्यातून किडीची बारीक पाखरं उडू लागली, असं का होतं? कारण अंडी आधीपासून आत होती. आपल्याकडच्या २८ ते ३२ अंशांना पिठातला तांबडा किडा अंड्यापासून प्रौढ व्हायला महिनाभर घेतो. जाळी करणारं धान्याचं पाखरू चार ते सहा आठवडे. कीड सहसा ‘लागत’ नाही, ती बरोबर येते आणि मग वाढते. चार-सहा आठवड्यांत दाणे संपवा म्हणतात त्यामागे हेही गणित आहे.

ओळखण्याच्या खुणा अशा: चमचा उचलला की दाणे एकमेकांना लोंबत वर येतात, म्हणजे अळीचं जाळं आहे. फिरकीच्या झाकणाच्या आट्यांत तांदळाएवढे पांढरट कोष सापडतात. तळाशी पीठ जमलेलं असतं. डब्यात हात घातला तर एखादा भाग कोमट लागतो. हे शेवटचं गंभीर आहे: किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि पाणी निघतं, त्या जागी दाणे ओलावतात आणि किडीच्या पाठोपाठ बुरशी येते.

उपाय खरेदीच्या दिवशीच करायचा. दाणे एक-एक किलोच्या पिशव्यांत, हवा काढून, चपटे भरा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. चपटे यासाठी की थंडी मध्यापर्यंत पोहोचली पाहिजे. जाड गठ्ठ्याच्या पोटातली अंडी वाचतात. एका दरवाजाच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा एवढा थंड होत नाही आणि वीज गेली की लगेच ढिला पडतो, तिथे दोन आठवडे द्या. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता चोवीस तास तशीच ठेवायची. थंड पिशवी लगेच उघडली तर खोलीतली ओल दाण्यांवर जमते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

घरच्या धान्यासाठी वापरतात ते उपाय इथे चालत नाहीत. पाऱ्याच्या टिकड्या, बोरिक पावडर, डांबरगोळ्या, यांतलं काहीही पक्ष्यांच्या दाण्यांजवळ नको. माणूस धान्य निवडतो, धुतो, शिजवतो. पक्षी ते तसंच चोचीत घेऊन सोलतो. धान्याच्या किडीसाठी वापरतात त्या सेल्फॉसच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फीन वायू माणसांचेही जीव घेतो, त्यामुळे त्या घरात आणायचाच प्रश्न येत नाही. एरंडेल लावलेले दाणे चिकट होतात, पिसं खराब करतात. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असेल तर अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ओला पाला घातला तर डब्यात आपणच पाणी घातलं. आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: कृषी सेवा केंद्रात मिळणारं पेरणीचं बाजरीचं किंवा सूर्यफुलाचं बियाणं कधीही पक्ष्यांना घालू नये. त्याला बुरशीनाशक, कधी कीटकनाशकही चोळलेलं असतं. गुलाबी, निळा, हिरवा असा रंग दिसतो तो त्याचाच इशारा. धुऊनही ते जात नाही.

थोडेसे किडे दिसले, दाणे मोकळे आहेत, वास स्वच्छ आहे, तर चाळून, पाखडून, फ्रीझरमधून काढून ते वापरता येतात. दाण्याबरोबर एखादी अळी पोटात गेल्याने पक्ष्याचं काही बिघडत नाही. पण जाळी धरली, पीठ झालं, तांबड्या किड्यांचा झोंबरा वास सुटला, तर वाचवत बसू नका. किडे अंगातून जी रसायनं सोडतात ती चाळणीने निघत नाहीत. डबा रिकामा करून झाकणाच्या आट्या जुन्या टूथब्रशने घासा, गरम पाण्याने धुवा, दिवसभर उन्हात ठेवा. कपाटाचे कोपरे आणि फळीच्या खालची बाजूही पुसा, कारण अळी कोष करायला डबा सोडून बाहेर चालत जाते. तिथून रवा, मैदा आणि काजूचा डबा दूर नसतो. जुन्या दाण्यांवर नवे ओतण्याची सवय असेल तर ती इथेच मोडलेली बरी.

तेलबिया आणि खवटपणा

विदर्भात मे महिन्यात ओलीचा प्रश्न नसतो. तिथे शत्रू उष्णता. तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते खवट होतं, आणि तापमान वाढेल तसा वेग वाढतो. सालासकट बी बरीच टिकते, कारण साल हेच तिचं पहिलं झाकण. सोललेलं सूर्यफूल, फुटके शेंगदाणे, कुटलेलं जवस मात्र आठवड्यांत उतरतं. म्हणून सालासकटच घ्यावं, आणि तेलबिया घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवाव्यात; तिथे तीन-चार महिने निर्धास्त. तपासायला पाच-सहा बिया सोलून स्वतः चावा. कडवट लागलं, घशाशी टोचलं, जुन्या तेलरंगासारखा वास आला, तर गेलं. खवट तेलाबरोबर ई जीवनसत्त्वही गेलेलं असतं.

राळ्याच्या बाबतीतही साल पाहूनच घ्या. किराणा दुकानात मिळतात ते सहसा राळ्याचे तांदूळ, म्हणजे सोललेले. पक्ष्यांच्या दुकानात कांगणी म्हणून मिळतो तो सालासकट. साठवायला तोच. दाणे किती जुने आहेत हे कळायला शंभर दाणे ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. चार दिवसांत ७० ते ८० रुजले तर माल ताजा. निम्मेही रुजले नाहीत तर तो कुठेतरी गोदामात तापलेला आहे. आणि रुजण्याआधीच कापडावर केसाळ बुरशी चढली तर रुजण्याचे दाणे मोजायची गरजच नाही.

बुरशी लागली तर

इथे तडजोड नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. ते तयार करणारी बुरशी २५ ते ३५ अंशांत जोमात वाढते, म्हणजे आपल्या घरातल्या तापमानात. विष यकृतावर जातं आणि थोडं थोडं साचूनही नुकसान करतं. ते धुतल्याने जात नाही, उन्हाने जात नाही, घरगुती भाजण्याने पूर्ण मोडत नाही. हिरवट-पिवळी बुरशी खरडून काढली तरी विष दाण्यातच राहतं. उपवासाच्या दिवसांत भगरीमुळे विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येतात, त्यामागेही ओलावून बुरशी लागलेलं धान्य आणि पीठ असतं. माणसाला रुग्णालयात जावं लागतं, तर ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला किती पुरेल याचा अंदाज करता येईल. त्यात बुरशीची धूळ नुसती श्वासात गेली तरी पक्ष्यांच्या वायुकोशांत (फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत) ती घर करते आणि तो आजार बरा करणं कठीण जातं.

कुबट वास, दाण्यांच्या गुठळ्या, काळे-हिरवे ठिपके, यांतलं एकही दिसलं तर अख्खा डबा टाकायचा, वरचा थर नव्हे. शेंगदाणे आणि मका यांच्याबाबत तर शंकाही पुरेशी आहे. पिंजऱ्यापासून लांब जाऊन, नाकातोंडाला रुमाल बांधून, दाणे हलक्या हाताने पिशवीत ओता, तोंड बांधा आणि दुसऱ्या पिशवीत घालून कचऱ्यात द्या. गच्चीवर चिमण्या-कबुतरांना टाकू नका, आणि कोंबड्यांनाही नको. अंड्यांतून ते घरी परत येऊ शकतं.